रविवारचे बाबा आणि बाकीचे वार

बुधवार

नागपूरहून रात्री सुटलेली गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की मला आपोआप जाग येते. बोगदा १९१६ सालचा, लांबी जेमतेम १.३ किलोमीटर, पण आत शिरताच गाडीचा आवाज डब्यात कोंडतो आणि कुणाचं तरी पोर दचकून रडायला लागतं. गणपतीला गावाहून परतताना बाबांचा नियम असायचा: बोगदा आला की चपला शोधायच्या, खाडी आली की दारात उभं राहायचं. नियम अजून पाळला जातो. खाडीवर ओहोटी होती. चिखल उघडा पडला होता आणि बगळे आपापल्या जागा धरून उभे होते.

ठाण्याला उतरलं की १६ एप्रिल १८५३ आठवलाच पाहिजे, अशी आमच्या घरची शिस्त. देशातली पहिली प्रवासी गाडी, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० माणसं. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनांची नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. बाबांचा त्यावरचा विनोदही ठरलेला: त्या दिवशी सगळ्यांना बसायला मिळालं, त्यानंतर कधीच नाही. सकाळी साडेसहाची पुलावरची गर्दी बघता त्यात बदल करण्यासारखं काही झालेलं नाही.

कोपरीत घरी पोचले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईनं दार उघडल्या उघडल्या विचारलं, "गाडीत झोप लागली का?" आणि उत्तराची वाट न बघता चहा टाकायला वळली. शनिवारी बाबांचं वर्षश्राद्ध. मी एकुलती, त्यामुळे ते मीच करायचं असं आम्ही फोनवर ठरवलं होतं, आणि गुरुजी काही बोललेच तर काय उत्तर द्यायचं याची मी बडनेऱ्यापासून तयारी करत आले होते. आईनं सांगितलं, गुरुजी म्हणाले, करू दे की. तयारी वाया गेली.

दुपारी बाबांचं कपाट उघडलं. खालच्या खणात त्यांचा मायक्रोमीटर होता, मखमलीच्या लाकडी पेटीत, तेल लावून ठेवलेला. बाजूच्या पट्टीवर त्यांची आद्याक्षरं ठशानं ठोकलेली. टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या साचे-हत्यारांच्या खात्यात, हत्यारं 'चालत जातात', म्हणून प्रत्येक जण आपल्या हत्यारावर नाव ठोकतो. सहावीत असताना एका रविवारी त्यांनी माझ्या डोक्याचा केस उपटून यात धरला होता. मूठ एकदा पूर्ण फिरली की दांडा अर्धा मिलिमीटर सरकतो, मुठीवर ५० रेघा, म्हणजे एक रेघ मिलिमीटरचा शंभरावा भाग. माझा केस सात रेघांचा भरला. बाबांचा पाच. "तू माझ्यापेक्षा जाड आहेस," म्हणाले आणि केस हळूच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

माझ्याकडे त्यांच्या ज्या आठवणी आहेत त्या अशाच, बहुतेक सगळ्या रविवारच्या. बाबा रबाळ्याला एका कंपनीत टूलरूमला होते, पाळ्या बदलत्या. पहिली पाळी असली की मी उठायच्या आत गेलेले, दुसरी असली की मी झोपल्यावर आलेले. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा आतल्या खोलीत झोपलेले असत आणि कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून आई भात पातेल्यात शिजवायची. मग रविवारी एक शांत माणूस इस्त्रीचा सदरा घालून चेंदणीला मासे आणायला निघायचा आणि मला सोबत न्यायचा. गेल्या वर्षभरात मी ज्या माणसासाठी रडले तो हा. बाकी सहा वारांच्या माणसाशी माझी फारशी ओळखच नव्हती. ती या खेपेला करून घ्यायची, असं मनात होतं.

गुरुवार

पेन्शनचं काम. बाबांना १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन होती. पेन्शनर गेला की त्याच्या पत्नीला निम्मी मिळते, आणि निम्मी कितीही कमी भरली तरी २०१४ पासून १००० रुपयांच्या खाली जात नाही. नियम सोपा आहे. पण पेन्शनच्या कागदावर बाबांच्या नावाचं एक इंग्रजी अक्षर जास्त आहे आणि आधारवर ते नाही. त्या एका अक्षरापायी आईचा अर्ज एका कार्यालयातून परत आला होता, मग दुसऱ्या खिडकीवरून, मग पुन्हा पहिल्या.

आम्ही रांगेत बसलो. पंखा होता, वारा नव्हता. आईनं पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून शेजारच्या अनोळखी बाईला दिला आणि दहा मिनिटांत त्या दोघी एकमेकींच्या नवऱ्यांच्या आजारपणाबद्दल बोलायला लागल्या. खिडकीपलीकडच्या माणसानं आमचा जुना अर्ज उघडला आणि वाचत गेला. नाव, जन्मतारीख, मग ओळखीच्या खुणा.

"डाव्या हाताचं मधलं बोट, पहिलं पेर नाही. बरोबर?"

आई म्हणाली, "बरोबर."

वर्षभर ज्या अक्षरानं अडवलं होतं ते या पेरानं सोडवलं. ज्याचं पेर नाही तोच हा माणूस, असं त्यांनी मानलं. एक प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरलं, शिक्का बसला.

त्या पेराची माझी गोष्ट वेगळी होती. लहानपणी मी विचारलं की बाबा सांगायचे, चिंबोरीनं खाल्लं. चेंदणीच्या बाजारात कोळणीच्या टोपलीत नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या खुडबुडत असायच्या, बाबा वाकून त्यांना विचारायचे, "यातली कोण गं ती?" मी त्यांच्या सदऱ्यामागे लपायचे. मोठी झाल्यावर कळलं की बोट मशीनमध्ये गेलं. कसं, कधी, ते विचारलं नाही. रविवारी असले विषय निघत नसत.

रिक्षा वागळे इस्टेटमधून घेतली. आयटीआय झाल्यावर बाबांची पहिली नोकरी इथलीच. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची, आणि तिची पहिली वसाहत ही. रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. रिक्षावाल्याला 'रोड नंबर सोळा' म्हटलं की पुरतं. ज्या गाळ्यांत एकेकाळी लेथ होते तिथे आता गाड्यांच्या शोरूम आणि लग्नाचे हॉल दिसतात. एका गाळ्यातून मात्र सरफेस ग्राइंडरचा आवाज आला. आईनं मान वळवली. तिला तो आवाज ओळखता येतो हे मला नवीनच होतं.

शुक्रवार

आज रबाळे. सोबत ऐरोलीकाका. बाबांचे टूलरूममधले जोडीदार, ऐरोलीला राहतात म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव ऐरोलीकाका. मला न्यायला खास ठाण्यापर्यंत आले होते. "तू एकटी भलत्या गाडीत बसशील," म्हणाले. माझं बालपण या स्टेशनात गेलं हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्सहार्बरच्या गाड्या ९ आणि १० नंबरच्या फलाटांवरून सुटतात. ही लाइन २००४ ची. त्याआधी बाबांची अर्धीअधिक नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावर, कंपनीच्या बसमध्ये आणि बस चुकली तर टेम्पोत उभं राहून झाली. खाडी ओलांडली की गाडी मेन लाइनला सोडून उजवीकडे वळते. डाव्या हाताला पारसिकचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी एमआयडीसी, उजवीकडे वस्ती. दिघा गाव हे स्टेशन अगदी नवीन, २०२४ चं. ऐरोलीला काचेच्या इमारती, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं-मुली उतरली आणि डबा रिकामा झाला. पुढचं स्टेशन रबाळे.

कंपनी नाही. मला ठाऊक होतं, तरी बघायचं होतं. शेड पाडून तिथे डेटा सेंटर उभं राहिलंय, खिडक्या नसलेली राखाडी इमारत. माणसांची ये-जा नाही, गेटवर सिक्युरिटी, आणि भिंतीपलीकडून एसीच्या यंत्रांचा एकसुरी घुर्र आवाज. पाळी सुटतानाचा भोंगा इथे व्हायचा, काका म्हणाले. त्यांनी हातानंच हवेत कंपनी उभी केली: इकडे टाइम ऑफिस, तिकडे प्रेस शॉप, मागे टूलरूम, आणि या इथे, जिथे आता ट्रान्स्फॉर्मर आहे ना, कँटीन. गेटवरच्या पोरानं आमच्याकडे संशयानं पाहिलं. दोन माणसं उभी राहून ट्रान्स्फॉर्मरकडे बोट दाखवतायत म्हटल्यावर त्याचंही चूक नाही.

चहाची टपरी मात्र तीच होती. चहावाला बदललाय, आताचा त्याचा मुलगा. आम्ही बाकड्यावर बसलो, आणि मी त्या पेराचं विचारलं.

काका जरा वेळ कटिंगचा ग्लास फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुला काय सांगितलंय?"

"चिंबोरी."

ते हसले. मग सांगायला लागले, आणि सांगताना माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होते.

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा दट्ट्या खाली येतो, म्हणजे तो येतो तेव्हा हात मधे असूच शकत नाहीत. शिवाय समोर जाळीचा गार्ड. पण प्रत्येक नगाला गार्ड उचलायचा, नग काढायचा, पत्रा सरकवायचा, पुन्हा दोन्ही बटणं, यात वेळ जातो. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकतात. एक हात मोकळा झाला की तासाला नग वाढतात. गार्ड काढला की आणखी वाढतात. त्या दिवशी माल जायचा होता, गाडी गेटवर उभी. बाबांनी नवी डाय, म्हणजे साचा, बसवली होती आणि ट्रायल घेत होते. सुपरवायझर म्हणाला, गार्ड काढा, उशीर होतोय. बाबांनी स्वतः पाना घेऊन काढला.

"तोवर तो माणूस कुणाला अरे-तुरे करत नव्हता," काका म्हणाले. "बोट रुमालात गुंडाळलं, कामगार रुग्णालयात जायला गाडीत बसले, आणि बसल्यावर त्या सुपरवायझरला जी पहिली शिवी दिली ती थेट आम्हाला आत ऐकू आली. आम्ही म्हटलं, हा गेला आता कामावरून. पण कुणी काही बोललं नाही. कोणत्या तोंडानं बोलणार?"

त्यानंतर बाबा टूलरूमचे असूनही रोज पाळी सुरू व्हायच्या आधी प्रेस शॉपमधून एक फेरी मारायचे. प्रत्येक मशीनचा गार्ड हलवून बघायचे. बटणात पाचर दिसली की उपटून थेट बाहेरच्या गटारात. नवीन हेल्पर आला, की गावाकडून आलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं असायची ती, त्याच्या तोंडासमोर डावा हात धरायचे. भाषण नाही. हात आणि एक शिवी.

"बाबा शिव्या द्यायचे?"

"द्यायचे म्हणजे! तोफखाना होता. पोरं तर त्यांची नक्कल करायची." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना वाटलं असावं की आपण जास्त बोललो. "अगं, कामगार माणूस. मशीनच्या आवाजात हळू बोललेलं ऐकू कुठे येतं?"

"कुठली शिवी?"

"जाऊ दे ना."

"एकच सांगा."

"मुलीला कशी सांगू?" असं म्हणून त्यांनी दुसरा चहा मागवला.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, हेवा वाटला. त्या हेल्पर पोरांचा. त्यांना एक गरम डोक्याचा, ओरडणारा, काळजी करणारा माणूस रोज भेटत होता. मला सदरा घातलेला सभ्य माणूस मिळाला. त्यांची शांतता हा मी त्यांचा स्वभाव समजत आले होते. आता वाटतं, ती ते घरी येताना वाटेत कुठेतरी अंगावर चढवत असणार, कळव्याच्या पुलाच्या आसपास. मी पंचवीस वर्षांची झाले तरी रात्री स्कूटी काढली की ते गॅलरीतून फक्त "हेल्मेट?" एवढंच विचारायचे. त्या एका शब्दाच्या मागे केवढं अडवून धरलेलं असायचं हे आज कळलं.

परतताना डब्यात उभी राहिले, बसायला जागा होती तरी.

रात्री आईला सगळं सांगितलं. तिला पाचर ठाऊक होती, गार्ड ठाऊक होता, सुपरवायझरचं नावसुद्धा ठाऊक होतं.

"मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारलंस कधी?" ती चादर झटकत होती. "आणि शिव्यांचं म्हणशील तर झोपेत द्यायचे. रात्रपाळीचा आठवडा संपला की पुढचे दोन दिवस हमखास. गार्ड लाव रे, असं ओरडायचे, आणि पुढे ते."

"ते म्हणजे?"

"झोप आता. उद्या लवकर उठायचंय."

शनिवार

वर्षश्राद्ध झालं. गुरुजी मोबाइल सायलेंटवर टाकून आले होते, मंत्र स्पष्ट म्हणत होते, आणि मी चुकले की थांबून पुन्हा सांगत होते. तर्पणाच्या वेळी बाबांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव घ्यायचं. पणजोबांचं नाव मला आईनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं. पान वाढलं. अळूवड्या, खीर, वडे. त्यांना खरं तर सुरमई आवडायची, पण तिथे कुणाचा इलाज नसतो. ऐरोलीकाका सपत्नीक जेवायला होते.

संध्याकाळी आई म्हणाली, तलावपाळीला जाऊन येऊ. कौपिनेश्वराचं दर्शन घेतलं. बाहेर मासुंदा तलावाला माणसांचा वेढा, बोटी, फुगे, भेळ, कठड्यावर बसलेली जोडपी, आणि त्यांच्याकडे न बघण्याचा सराव असलेले ज्येष्ठ नागरिक. बोनसच्या दिवशी बाबा आम्हाला मामलेदारची मिसळ खायला आणायचे आणि तिखट मागवून डोळ्यांतून पाणी काढत शेवटपर्यंत खायचे. आई ती आठवण काढेल असं वाटलं होतं. तिनं रताळ्याचा भाव विचारला, महाग आहे म्हणाली, आणि आम्ही घरी आलो.

रविवार

भरतीची वेळ साडेनऊच्या पुढे, म्हणून ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रावर नऊला पोचलो. बेत ऐरोलीकाकांचा. माझी गाडी रात्रीची, दिवस मोकळा होता. बोटी भरतीवर अवलंबून. पाणी उतरलं की खाडीत नुसता चिखल. आई आयुष्यभर या खाडीच्या काठी राहिली आणि खाडीत कधी शिरली नव्हती. "आत काय बघायचंय, वास तर घरी येतोच," असं तिचं म्हणणं. तरी आली.

ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं. पाहुणे हिवाळ्यात येतात आणि मेपर्यंत राहतात. त्यांतले जास्त छोटे फ्लेमिंगो. त्यांचा रंग खाण्यातून येतो, इथल्या चिखलातल्या शेवाळातून. पिल्लं तोवर राखाडीच. काका सांगत होते की दुसऱ्या पाळीला जाताना कंपनीच्या छपरावरून कधी कधी थवा जाताना दिसायचा, आणि बाबा एकदा म्हणाले होते, यांची बरी आहे, पाळी वर्षातून एकदाच बदलते.

बोटीत चढताना सगळ्यांना लाइफ जॅकेट दिली. आईच्या जॅकेटचे पट्टे मी बांधले. तिच्या काठाच्या पाचवारी साडीवर ते नारिंगी जॅकेट फार ऐटीत दिसत होतं, फोटो काढू दिला नाही. तिवरांची दाट भिंत दोन्ही बाजूंना, मुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली. मग खाडी रुंद झाली आणि पलीकडे एक लांब गुलाबी पट्टा दिसला. बोटवाल्यानं इंजिन बंद केलं. हजारो चोची एकाच वेळी चिखल गाळत होत्या, मधूनच गुरगुरल्यासारखा आवाज यायचा. मागे ऐरोलीचा पूल, त्यावरून जाणारे ट्रक. कुणी बोललं नाही. काठावर फिरणारी चिंबोरी दिसली तेवढी मी आईला दाखवली, आणि आम्ही दोघी एकदमच हसलो. काकांना कळलं.

परतताना ऊन चढलं होतं. आमच्या पुढच्या बाकावर कॉलेजातली पोरं होती. त्यातल्या एकानं उकडतंय म्हणून जॅकेटची बकलं सोडली, मग ते काढून मांडीवर ठेवलं आणि सेल्फीसाठी बोटीच्या कडेवर जाऊन बसला. बोटवाला म्हणाला, "दादा, घाला." पोरगं म्हणालं, "हो हो," आणि घातलं नाही. बोटवाला पुन्हा म्हणाला. पोरगं हसलं.

माझ्या शेजारी माझी आई बसलेली होती, जिनं आयुष्यात मोलकरणीलाही 'अगं' म्हणून हाक मारली नाही. ती थोडी पुढे वाकली आणि अख्ख्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बकल लाव रे, फोकणीच्या!"

पोरगं टुणकन आत आलं. ऐरोलीकाकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली: हीच ती. आईनं पदर सारखा केला आणि बोटवाल्याला विचारलं, "किनारा यायला अजून किती वेळ?"